गृहिणीचा नंबर कितवा?

मी बी.ए. केलं ते इंग्रजी घेऊन, आणि इंग्रजी घेतलं कारण त्यात गणित नव्हतं. कॉलेज संपल्यावर आकड्यांशी संबंध आला तो फक्त पगाराच्या दिवशी. त्यामुळे मागच्या वर्षी ऑफिसात "आपल्या वाचकांचा डेटा जरा बघायला हवा, कोण शिकेल?" असं विचारल्यावर माझा हात का वर गेला, हे मला अजून कळलेलं नाही.

मी कंटेंट रायटर आहे. आमची टीम छोटी. काम असं ठरलं, की वाचकांना एक फॉर्म पाठवायचा. त्यात दोन महत्त्वाचे प्रश्न. तुम्ही काय करता? आणि महिन्यातून किती दिवस आमचे लेख वाचता? पहिल्या प्रश्नाला पाच पर्याय, त्यातला एकच निवडायचा. दुसऱ्याला मोकळी जागा. फॉर्म मीच बनवला आणि कौतुकाने नाशिकला आईलाही पाठवला. दोनशेच्या वर उत्तरं आली. त्यातलं एक आईचं.

हिशेबासाठी मी रात्री जेवण झाल्यावर 'आर' शिकत होते. आर ही आकडेशास्त्रासाठी वापरली जाणारी प्रोग्रामिंग भाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात ती तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर 'आर', भाषेच्या नावामागे तेही एक कारण. ती फुकट मिळते, म्हणून माझ्यासारख्यांचीही सोय होते.

आता थोडं तांत्रिक सांगते, पण घाबरू नका. मला समजलं, म्हणजे तुम्हाला समजेलच.

आकडेमोड करायची तर शब्दांचं काहीतरी करावं लागतं. 'गृहिणी' अधिक 'नोकरी' भागिले दोन, असं करता येत नाही. त्यासाठी आरमध्ये 'फॅक्टर' नावाची सोय आहे. फॅक्टर म्हणजे गटांची यादी. प्रत्येक गटाला आर आतल्या आत एक क्रमांक देतं, आणि आपण काही सांगितलं नाही तर तो अक्षरांच्या क्रमाने देतं. आमच्या फॉर्ममधले पर्याय इंग्रजीत होते. त्यामुळे बिझनेस एक, हाउसवाइफ दोन, जॉब तीन, रिटायर्ड चार आणि स्टुडंट पाच.

मी शिकत होते तो धडा जुना होता. पूर्वी शब्दांचा कॉलम दिसला की आर आपणहून त्याचा फॅक्टर करायचं. २०२० साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून ही सवय बंद झाली. मी मात्र धड्यात होतं तसंच सेटिंग ठेवलं, दोन्ही कॉलम फॅक्टर झाले, आणि मग एका आज्ञेत दोन्हींचे आकडे करून टाकले. स्क्रीनवर शब्द गेले, आकडे आले. मला काय आनंद झाला!

रिपोर्ट तयार झाला. विद्यार्थी सगळ्यात जास्त वाचतात, गृहिणींची सरासरी जेमतेम तीन दिवस. मी तो मेल केला, आणि पुढच्या मीटिंगमध्ये दुपारी येणारी शिवणकाम-विणकामाची मालिका बंद करायचा विषय निघाला. ती मालिका लिहिणाऱ्या बाई वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांचं महिन्याचं मानधन त्यावरच. मला वाईट वाटलं, पण डेटा म्हणजे डेटा, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या शनिवारी नाशिकला गेले. आई मशीनवर बसली होती. तिच्याकडे कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला येतात, मी तिसरीत होते तेव्हापासून. मी मोठ्या फुशारकीने तिला रिपोर्ट दाखवला.

तिने चष्मा वर केला. "गृहिणी महिन्यातून तीन दिवस वाचतात? मी तर रोज वाचते. तसंच लिहिलं होतं मी."

"सरासरी आहे गं आई. कुणी जास्त, कुणी कमी."

"सगळ्यात कमी कुणी किती लिहिलं?"

मी बघितलं. बहुतेकांनी ठोकळ आकडे लिहिले होते, ५, १०, २०, ३०. पाचाच्या खाली कुणीच नव्हतं.

"अगं, मग सरासरी तीन कशी येईल?" आई म्हणाली. "माझ्या वहीत बत्तीसच्या खालचं एकही माप नाही, आणि तू सांगतेस सरासरी माप अठ्ठावीस. कापड फुकट जाईल की सगळं!"

माझ्या पोटात गोळा आला. लॅपटॉप घेऊन मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशीच बसले.

झालं होतं असं. दोनशे लोकांनी आकडा लिहिला होता आणि आईने शब्द, 'रोज'. कॉलममध्ये एक जरी शब्द आला की आर अख्खा कॉलम शब्दांचा धरतं. मग ५, १०, २०, ३० हे त्याच्या लेखी आकडे राहिले नाहीत, अक्षरं झाली. अक्षरांच्या क्रमाने लावलं तर आधी १०, मग २०, मग ३०, आणि त्यानंतर ५, कारण पाचाचं पहिलं अक्षर तीनाच्या नंतर येतं. शेवटी 'रोज'. या क्रमाने त्यांना मिळाले क्रमांक एक, दोन, तीन, चार, पाच. म्हणजे महिन्याचे तीस दिवस वाचणारीला तीन आणि पाचच दिवस वाचणाऱ्याला चार! मी ज्याची सरासरी काढली ते दिवस नव्हतेच, रांगेतले क्रमांक होते.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. फॅक्टरचे थेट आकडे करायचे नाहीत. आधी पुन्हा शब्द करायचे, मग शब्दांचे आकडे. तसं केलं. पाचाचे पाच झाले, तीसाचे तीस. आईच्या ओळीत मात्र 'एन. ए.' आलं, म्हणजे उत्तर उपलब्ध नाही. रोज वाचणारी बाई आधी पाच झाली होती, आता गायबच झाली. मी हाताने 'रोज'च्या जागी ३० लिहिले.

दुसरी चूक कामाच्या कॉलममध्ये होती. तिथे मी एक ते पाच आकडे करून 'काम आणि वाचन' यांचा संबंध काढला होता. यंत्राला वाटलं, गृहिणी ही व्यवसायापेक्षा एका पायरीने जास्त, नोकरी दोन पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरी सारखी. नाशिकचा पिनकोड ४२२००१ आणि पुण्याचा ४११००१. म्हणून नाशिक पुण्यापेक्षा मोठं, असं आम्ही नाशिककर म्हणूही, पण ते काही गणित नव्हे! पिनकोड हे आकड्यात लिहिलेलं नाव आहे. त्याची बेरीज, सरासरी काही होत नाही.

काही गटांना खरोखर क्रम असतो. आईच्या भाषेत सांगायचं तर स्मॉल, मीडियम, लार्ज. पण तिथेही आरला क्रम आपण सांगावा लागतो. नाहीतर इंग्रजी अक्षरांप्रमाणे लार्ज एक, मीडियम दोन, स्मॉल तीन, असं उलटं माप लागतं.

कामाला असा क्रम नाही. मग प्रत्येक गटाला स्वतःचा कॉलम द्यायचा. गृहिणी आहे? हो तर एक, नाही तर शून्य. नोकरी? एक किंवा शून्य. याला डमी व्हेरिएबल म्हणतात. हिशेबात त्यातला एक गट आधाराला ठेवून बाकीच्यांची त्याच्याशी तुलना होते. गंमत म्हणजे कामाचा कॉलम मी फॅक्टर म्हणूनच राहू दिला असता, तर हे सगळं आरने आपणहून केलं असतं. शहाणपणा करून आकडे मीच केले होते.

आई मागून बघत होती. तिने विचारलं, "यात मी कुठली?"

मी तिची ओळ दाखवली. गृहिणीखाली एक, बाकी सगळीकडे शून्य. व्यवसायाखालीही शून्य.

ती काही बोलली नाही. मशीनवरचा अर्धा ब्लाउज उचलून हुक लावायला बसली. तोच तिचा व्यवसाय. माझ्या कॉलेजच्या तिन्ही वर्षांची फी त्या मशीनमधून आलेली. आणि मी बनवलेल्या फॉर्ममध्ये तिला एकच खूण करायची मुभा होती.

नंतर मी वाचलं, की केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातही प्रत्येकाच्या कामाला असे कोड असतात. फक्त घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबर घरच्यापुरतं शिवणटिपण करणारी, सरपण गोळा करणारी, ती ९३. स्वतःचा व्यवसाय करणारी ११. तिथेही ९२ हे ११ पेक्षा मोठे नाहीत, ती नावंच आहेत. पण तिथे मुख्य काम वेगळं विचारतात आणि जोडीचं काम वेगळं. माझ्या फॉर्ममध्ये ती जागाच नव्हती.

सोमवारी मी ऑफिसात मेल केला, "माझा रिपोर्ट चुकला आहे." हे चार शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. ओरडा बसला, बसायलाच हवा होता. दुरुस्त केलेल्या तक्त्यात गृहिणी सगळ्यात वर होत्या आणि विद्यार्थी सगळ्यात खाली. शिवणकामाची मालिका अजून चालू आहे. पुढेही राहील का, ते मला माहीत नाही, पण निदान माझ्या चुकीमुळे ती बंद पडली नाही.

नवीन फॉर्ममध्ये मी 'लागू असतील ते सगळे पर्याय निवडा' असं लिहिलं आहे. आकड्यांच्या बाजूने त्यात काही अवघड नाही, एका ओळीत एकाहून जास्त 'एक' येऊ शकतात, इतकंच. आईने या वेळी दोन खुणा केल्या. आणि दिवसांच्या प्रश्नाला मी अजून मोकळीच जागा ठेवली आहे, तर तिने पुन्हा लिहिलं, 'रोज'.

या वेळी त्याचे तीस मी आधी केले, आणि मगच पुढच्या हिशेबाला लागले.

तुमच्याही घरी असा एखादा फॉर्म येईल. 'तुम्ही काय करता?' या प्रश्नावर तुमची आई, सासूबाई, आजी कुठे खूण करतात, ते एकदा शेजारी बसून बघा.