तीन रेघांचा सरकारी गडी

मधे एक उभी रेघ, तिच्या टोकापासून दोन्ही अंगांना उतरलेल्या दोन तिरप्या. संपला कारभार. ब्रिटिश सरकारचा हा बाण दिशा दाखवत नाही. "माल सरकारचा आहे, हात लावायचा नाही," एवढंच बजावतो. छिन्नीचे तीन घाव घातले की तोफेवर, कुऱ्हाडीचे तीन घातले की लाकडावर तो हजर. निरक्षर शिपायाला काढता यावा आणि निरक्षर चोरालाही कळावा, हा त्याचा मोठा गुण.

कुळाबद्दल विचाराल तर रोम्नीचा अर्ल हेन्री सिडनी याचं नाव सांगतात. हा 1693 ते 1702 दारूगोळा खात्याचा प्रमुख. त्याच्या घराण्याच्या चिन्हात बाणाचं पातं होतं. गोष्ट छान आहे, पण राजाच्या मालावर बाण चौदाव्या शतकातच उमटलेला. म्हणजे नातवानं आजोबाला जन्म दिल्यासारखंच!

गडी भलता हावरट. 1691च्या सनदेनं मॅसॅच्युसेट्समधली 24 इंच आणि त्याहून जाड बुंध्याची झाडं राजाच्या आरमाराला राखून ठेवली. सरळसोट पाइन दिसला की डोलकाठीसाठी त्याच्या सालीवर बाण. झाड दारातलं, मालक समुद्रापार! 1772 साली न्यू हॅम्पशायरमधल्या वीअर गावात, अशाच लाकडापायी पकडायला आलेल्या शेरीफला लोकांनी पहाटे खोलीत घुसून फोकांनी झोडपलं.

वस्तू पुरेनात म्हणून की काय, तो कैद्यांच्या अंगावरही चढला. माणसावर सरकारी मालाचा शिक्का, यापरता उद्धटपणा नाही. त्याची खोड मोडली ती बायकांनी. मताच्या हक्कासाठी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात गेलेल्या स्त्रियांना हाच बाण छापलेले कपडे घालावे लागत. सिल्व्हिया पँकहर्स्टनं 1909 साली ब्रिटिश पार्लमेंटचं चिन्ह असलेल्या जाळीदार दारावर जांभळा, पांढरा, हिरवा बाण बसवून ब्रूच घडवला. सुटून आलेल्या बायका तो छातीवर मिरवू लागल्या. कैद्यांच्या कपड्यांवरून बाण उतरला 1922च्या सुमारास.

साहेब गेला, पण हा आपल्याकडे नोकरीत कायम आहे. पुण्याच्या कँपात किंवा देवळालीत लष्करी ट्रकचा नंबर वाचून बघा. त्यात वर तोंड केलेला बाण आहे, आणि त्याला लागून असलेले दोन आकडे म्हणजे लष्करानं ती गाडी घेतली ते साल.