वीणेचा पहारा

भंडारदरा,
30 जुलै

ती. आत्यास,


आज तू माळीणला स्मृतिस्तंभापाशी जाऊन आली असशील. इथं चार दिवस रतनगड दिसलेला नाही. भाताची आवणी अर्धी राहिलीय.

मागच्या खेपेला तू विचारलंस, "अख्खं गाव गाडलं, तरी देवापुढं नारळ कसा फोडता रे?" मी गप्प बसलो. तुझ्या नणंदेचं घर ज्या चिखलाखाली गेलं, त्याला देवाची मर्जी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणी म्हटलं तर रागच येतो. डोंगर कुणाच्या पापानं सुटत नाही. पाणी उतारात मुरत राहतं, जड झालेली माती खडकावरची पकड सोडते. 151 माणसं गेली, त्यात लेकरं होती. त्यांचं कसलं पाप?

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 2014च्या त्या सकाळी माळीणची खबर बाहेर गेली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळं. रोजचं गाव त्याला जागेवर दिसेना. मग जवान आठवडाभर चिखल उपसत होते. पण त्या रात्री घरात कोण होतं, कोण बाहेरगावी, हे सांगणारी माणसं किती थोडी उरली होती! इर्शाळवाडीवर 2023 साली अशीच दरड कोसळली, तिथं शोध थांबला तेव्हा 57 जण बेपत्ताच होते. तिथं शाळेत बसलेली काही पोरं वाचली, म्हणून खाली हाक तरी पोचली.

आता आपला हरिनामाचा सप्ता आठव. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. रात्री दोनचा पहारा असला तरी माणूस येतो, आधीच्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो. एखादा आला नाही तर कुणीतरी त्याच्या दारात जाऊन बघतं, बरा आहे ना. वर्गणीच्या वहीत एकही उंबरा सुटत नाही. बाळंतपणाला आलेली लेक, कांदे काढायला घाटाखाली गेलेलं जोडपं, हे कुठल्या सरकारी यादीत सापडायचं? पंगतीला वाढणाऱ्यांना ते तोंडपाठ असतं.

यंदा मृग लागला तेव्हा त्याच वहीच्या मागच्या पानांवर आम्ही पावसाळी रात्रींचे पहारे लिहिले. दोघं-दोघं, बॅटरी घेऊन. उताराला भेग पडली, झाड कललं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, की देवळाची घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी पलीकडच्या माळावर जायचं. तिथं वही उघडून घरटी माणसं मोजायची. अवेळी घंटा नको, म्हणून दोघंजण अडून बसले होते. फार वेळ समजूत घालावी लागली. शेवटी त्यातल्याच एकानं पहिली रात्र मागून घेतली.

तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, मला कळतं. पण माझा देव मला त्या पहाऱ्यातच भेटतो, आत्या.

नवरात्रात कळसूबाईला ये. नणंदेच्या नावानं नारळ फोडायचा की नाही, ते वर गेल्यावर तुझं तू ठरव. मी बरोबर असेन. आज बाराचा पहारा माझा आहे, इरलं घेऊन निघतो.

तुझा भाचा