भिंतही खेळात

रविवार, शहापूर.

मुंबईत नोकरीला गेलेला भाचा कबड्डीवरून पॅडलवर घसरला आहे. आज जेवताना त्याने तो खेळ मला समजावला. कोर्ट 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मध्ये नेट, भोवती काच आणि तारेची जाळी. दोघांविरुद्ध दोघे. बॅटला तारा नसतात, भोकं असतात. सर्व्हिस करताना चेंडूचा टप्पा पाडून तो कमरेच्या खालूनच मारायचा. गुण टेनिससारखे: 15, 30, 40.

मला आवडली ती भिंत. आपला फटका पलीकडच्या काचेवर थेट आदळला तर गुण गेला. आधी टप्पा पडून मग काचेला लागला तर चेंडू जिवंत. समोरच्याने दुसऱ्या टप्प्याआधी तो परतवायचा. 1969 साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एनरिके कोर्क्वेरा यांनी घरीच असं भिंतींचं कोर्ट बांधलं, तिथून हा खेळ निघाला.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदानही 10 मीटरच रुंद. तेवढ्या जागेत गिरकी घेणं मुरबाड-शहापूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण कबड्डीला सपाट माती पुरते. पॅडलला काच, कृत्रिम हिरवळ आणि तासाचं भाडं लागतं. गुणवत्ता आणि सोय यांची गाठ क्वचितच पडते.

नवख्यांना भाचा सांगतो: जोर कमी, धीर जास्त. चेंडू मागे गेला तरी घाबरू नका, भिंत तो परत देते. पुढच्या वेळी मीही जाणार आहे. गुडघ्यांना अजून विचारलेलं नाही.