हार्नेस उतरवल्यावर

सकाळी आधी खाणं, मग अंगण. पाऊस असो वा बर्फ, हा क्रम मोडायचा नाही. पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात आणि बहुतेक कुत्र्यांचं काम थोड्याच वेळात उरकतं. माझी लॅब्रॅडोर मात्र अंगणात निम्मंच उरकते. उरलेलं चालायला लागल्यावर, कारण चालण्यानेही पोट हलतं. म्हणून कोपऱ्यापर्यंत तिला नुसत्या पट्ट्यावर नेते. हार्नेस तिथून पुढे.

*

हार्नेस अंगावर असेपर्यंत ही कामं करायची नाहीत, हे गाइड डॉगच्या अंगी बाणवलेलं असतं. म्हणजे ती कळ काढत चालते. मला चौक पार करून देते, जिन्याशी थांबते, आणि तेव्हा तिचं पोट दुखत असू शकतं. तिला वेळेवर मोकळं करणं ही म्हणूनच माझी जबाबदारी. पदपथावर काही झालं की लोक कुत्र्याची शिस्त काढतात. चुकलेली असते ती बहुतेकदा माणसाने ठरवलेली वेळ.

*

हार्नेसची मूठ बरंच सांगते. चाल मंदावते किंवा उगीच वाढते, मूठ कडेला ओढली जाते, मग खाली झुकते, म्हणजे नाक जमिनीला. हे नुसतं हुंगणंही असेल. अशा वेळी गवताची कड गाठून हार्नेस उतरवायचा, पट्टा सैल सोडायचा आणि म्हणायचं, 'पार्क टाइम'. आमच्या न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या 'द सीइंग आय' या १९२९ साली सुरू झालेल्या गाइड डॉग संस्थेत हाच हुकूम शिकवतात. दोन-तीन मिनिटांत काही झालं नाही तर हार्नेस चढवून पुढे. रेंगाळू दिलं तर थांबणं म्हणजे हुंगायची चंगळ, हे ती लगेच शिकेल.

*

खरं कसब उचलण्यात आहे. ती माझ्याभोवती गोल फिरू लागते. फिरणं थांबलं की पट्ट्यावरून हात सरकवत तिच्या पाठीवर न्यायचा. पाठ गोल वर आलेली असेल तर शी, शेपटीकडे सरळ उतरती असेल तर शू. शी असेल तर तिच्या मागच्या पायांशी आपल्या बुटाचं टोक टेकवायचं आणि ते अजिबात हलवायचं नाही. ती बाजूला झाली की पिशवी हातमोज्यासारखी चढवून बुटापासून चाचपत जायचं. ऊब लागते. तिथेच उचलायचं, पिशवी उलटी करून गाठ मारायची. मग दुसऱ्या पिशवीने आजूबाजूला पुन्हा हात फिरवायचा, कारण काही कुत्री पुढे सरकत सरकत करतात. जानेवारीत ऊब पटकन जाते, तेव्हा हात चपळ हवा. पातळ की घट्ट हे पिशवीतून कळतं. रंग आणि रक्त कळत नाही, त्यासाठी अधूनमधून एखाद्या डोळस माणसाला विचारावंच.

*

न्यूयॉर्कच्या १९७८च्या कायद्याने कुत्र्याची घाण उचलणं मालकावर बंधनकारक केलं आणि गाइड डॉगला त्यातून वगळलं. हेतू चांगला होता. तरी ज्याला वाकता येतं, त्याने ही सवलत घेऊ नये. पदपथ माझाही आहे.

*

पुण्याहून आत्याचा फोन. "अगं, हाताने उचलतेस?" म्हटलं, "आत्या, तान्ह्या बाळाचं तू काढलंसच ना?" ती म्हणाली, "तेही खरंच गं."

*

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माया करणारे फार. "एवढासा शिरा, काय होतंय?" शिऱ्यात बेदाणे असतात आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. साधा पेढासुद्धा वेळापत्रक उधळतो. देणारा घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात मला तीनदा कड शोधावी लागते. आता दारातच सांगते: काका, मावशी, हात जोडते, तिला काही देऊ नका.

*

अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर प्रत्येक टर्मिनलमध्ये, सुरक्षा तपासणीच्या आत, सेवा-कुत्र्यांसाठी जागा असावी असा नियम आहे. तरी विचारलं की कर्मचारी पुष्कळदा बाहेरचीच दाखवतात. बाहेर गेलं की पुन्हा रांग. आठ तास वा त्याहून लांबच्या उड्डाणासाठी, कुत्रं विमानात घाण करणार नाही किंवा स्वच्छपणे कसं करेल, हे विमान कंपनी लिहून मागू शकते. नेवार्क ते मुंबई याहून कितीतरी लांब. अर्ज भरता येईल. पण तितके तास तिने पोट आवळून माझ्या पायाशी पडावं, हे मला पटत नाही. यंदा आत्यानेच इकडे यावं, असं तिला सांगितलंय.