फ्लॅश आणि मावळतीचा सूर्य

मावळतीकडे पाठ करून माणूस उभा केला की आकाश केशरी आणि चेहरा काळा. चेहरा सुधारावा तर आकाश पांढरंफटक! इथे फ्लॅश लागतो, उजेड असतानाच. आधी मॅन्युअलवर आकाशाचं एक्स्पोजर ठरवायचं, चेहरा फ्लॅशवर सोडायचा. शटर साधारण १/२०० पर्यंतच, बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड तिथेच संपतो. त्याच्या आत शटर बदललं की आकाश बदलतं, चेहऱ्यावरचा फ्लॅश तसाच राहतो. हे कळलं तेव्हा काय भारी वाटलं! फ्लॅशवर केशरी जिलेटिन लावलं की चेहराही संध्याकाळचा वाटतो.

बाबा गेल्यापासून आई फोटोला उभीच राहत नव्हती. गुहागरच्या किनाऱ्यावर कशीबशी तयार झाली. स्क्रीनवर बराच वेळ बघत राहिली. "केस एवढे पांढरे झाले का रे माझे?"

म्हटलं, फ्लॅशमुळे दिसतात तसे.