दिवे घाट आणि एक स्विच

(कॉन्व्हेंटवाला आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

आमची पिकअप सीएनजी आणि पेट्रोल, दोन्हींवर चालते. दिवाळीच्या सुट्टीत मार्केट यार्डातून किराणा भरून सासवडला निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी पप्पा. दिवे घाटात गाडी दमली. मी लगेच ज्ञान पाजळलं, "पप्पा, गॅस इंजिनात हवेची जागा खातो, म्हणून ताकद कमी पडते. पेट्रोलवर घेऊ?"

"पेट्रोल काय तुझ्या फीमधून टाकू? सेकंडला चढव."

सेकंड टाकला. मागे एसटीचा हॉर्न, हातांना घाम. पप्पांचा डोळा लागलाय असं वाटलं आणि मी गुपचूप स्विच दाबला. गाडी चढली.

वर पोचल्यावर पप्पांनी डोळे न उघडताच हात पुढे केला आणि स्विच परत गॅसवर टाकला. आवाजावरूनच कळलं होतं त्यांना.