गिळलेल्या वाक्याचा जाब

शोधनिबंधांचे मसुदे तपासून देण्याचा माझा व्यवसाय आहे आणि गणित-पदार्थविज्ञानाचे बहुतेक मसुदे ‘लेटेक’मध्येच येतात. आपल्या ग्रंथाची ओंगळ मुद्रिते पाहून उद्विग्न झालेल्या डोनाल्ड कनूथ यांनी 1977 साली ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या रचनेला हात घातला आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे त्यावर ‘लेटेक’ उभारले, हे सर्वश्रुतच आहे. मला अद्याप सलते ती हकिकत टक्क्याच्या एका चिन्हाची आहे.

या भाषेत ते चिन्ह आले, की तेथून ओळीच्या अंतापर्यंतचा मजकूर यंत्र वाचीतच नाही. म्हणून संपादकाने आपले शेरे त्यामागे लिहावेत असा प्रघात आहे, आणि टक्का खरोखरच छापून हवा असेल, तर त्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. एका संशोधकाच्या मसुद्यात तो नव्हता. नमुन्यांपैकी बारा टक्के मोजणीतून वगळल्याची कबुली देणारे त्यांचे वाक्य छापात ‘12’पाशीच तुटले होते आणि पुढच्या ओळीतला पहिला शब्द, मध्ये जागाही न सोडता, त्या आकड्याला बिनदिक्कत चिकटला होता. ही अनवधानाची चूक, की गैरसोयीचा मजकूर जाणूनबुजून दडवलेला (कारण लेखक तसेही करतात), याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नव्हता. म्हणून मी शेजारीच विचारणा लिहिली, आणि तीही प्रघातानुसार टक्क्यामागेच.

लेखकमहाशयांनी केवळ छापील प्रत वाचली. पुढे वाक्य गहाळ असल्याचे ध्यानात येताच त्यांच्या मार्गदर्शकांनी मूळ फाइल उघडली, लागोपाठच्या दोन ओळींत टक्के पाहिले आणि दोन्ही माझेच ठरवून माझ्याकडे खुलासा मागितला. लेखकाचाच मूळ मसुदा, एका अक्षरालाही हात न लावता, पुन्हा चालवून तेच वाक्य तेथेही गायब असल्याचे मी दाखवून दिले. त्यावर उत्तर आले, की मग संपादक कशासाठी नेमला होता? विचारणा केली होती, या माझ्या म्हणण्याची कोणी दखलही घेतली नाही आणि मेहनतान्यातून रक्कम कापली गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी सर्वांना सांगत आलो, की शेरे ‘टूडूनोट्स’ने समासात छापावेत आणि केलेले फेरफार ‘लेटेकडिफ’ने लाल-निळे करून दाखवावेत, शिवाय ‘आर्काइव्ह’ या निबंधांच्या खुल्या संग्रहावर निबंधाची मूळ फाइलही कोणालाही उतरवून घेता येते, तेव्हा टक्क्यामागचे खासगी शेरे काढल्यावाचून ती पाठवू नये. उपदेश चोख आहे. परंतु समासातल्या रंगीत चौकटींनी भरलेले पान हाती आले, की लेखक निबंध सोडून चौकटींशीच भांडू लागतो, हेही मी पाहिले आहे, आणि हल्ली माझे शेरे पुन्हा टक्क्यामागेच जातात. बदल इतकाच, की मेहनताना आता आगाऊ घेतो.